पोर पडलं, दाताला लागलं, आता काय? (वाचकांचे प्रश्न, दातांच्या डॉक्टरांची उत्तरं)

पाऊस सुरू झाला की हे प्रश्न वाढतात, फरशा ओल्या असतात, मुलं घरातच कोंडलेली असतात आणि चालायला शिकलेलं पोर चालत नाही, धावतंच. यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त पडण्याचे आणि दुधाच्या दातांचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा एक वर्ष आठ महिन्यांचा आहे. मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते, सासूबाई पूजेला बसलेल्या आणि हा सोप्यावरून आत धावत आला, फरशीला घाम फुटलेला, पाय सटकला आणि तोंड थेट उंबरठ्यावर. रक्त बघून माझे हातपायच गळाले. सासूबाईंनी हळद दाबली. रक्त थांबल्यावर बघितलं तर वरचा पुढचा एक दात आत गेलेला, नुसतं टोक दिसतंय. इथल्या डेंटिस्टनी एक्सरे काढला आणि म्हणाले काही करायचं नाही, आपोआप खाली येईल, आठवड्याने दाखवा. औषध पण नाही दिलं, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉलचं सिरप. आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. नणंद म्हणते काढून टाका नाहीतर आतला पक्का दात सडेल, मिस्टर म्हणतात पणजीला दुसऱ्याला दाखवू. नुसतं थांबायचं हे मला पटत नाहीये.
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, तुमच्या डेंटिस्टनी बरोबर सांगितलंय, आणि खरं सांगायचं तर "काही करायचं नाही" हे पालकांना सांगायला आम्हाला जास्त धैर्य लागतं, कारण समोर घाबरलेली आई असते आणि तिला काहीतरी करून हवं असतं.

आधी झालं काय ते समजून घ्या. एवढ्या लहान मुलांच्या जबड्याचं हाड मऊ असतं, त्यामुळे मार बसला की दात तुटण्यापेक्षा सरकतो जास्त, कधी मागे, कधी बाहेर लोंबतो, आणि कधी तुमच्या बाळासारखा सरळ हाडात घुसतो. दिसायला हा प्रकार सगळ्यात भयानक, पण बऱ्याचदा असा दात स्वतःहून परत खाली येतो. साधारण सहा महिन्यांत, काहींना वर्ष लागतं. पूर्वी दाताचं मूळ आतल्या पक्क्या दाताच्या बीजाकडे गेलेलं दिसलं की दात काढायचे, आता दातांच्या इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दात कुठल्याही दिशेला गेलेला असो, आधी त्याला आपणहून खाली यायची संधी द्या. म्हणजे तुमचे डॉक्टर आळस करत नाहीयेत, उलट अपडेटेड आहेत.

नणंदेची भीती अगदीच खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. वरच्या दुधाच्या दाताच्या मुळाशी, टाळूच्या बाजूला, पक्क्या दाताचं बीज तयार होत असतं, आणि आत घुसलेला दात त्याला धक्का देऊ शकतो. पण तो धक्का बसायचा असेल तर पडला त्याच क्षणी बसला, आता दात काढून तो परत घेता येत नाही, आणि हाडात रुतलेला दात काढायला हत्यार आत घालायचं म्हणजे बीजाला दुसरा धक्का द्यायची जोखीम. बीजाला लागलं असलंच तर पक्क्या दातावर पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग येऊ शकतो, क्वचित दात वाकडा किंवा उशिरा येतो. तो पक्का दात येणार सात-आठ वर्षांचा झाल्यावर, तोपर्यंत कोणीही, अगदी मुंबईचा मोठा डॉक्टर असला तरी, शंभर टक्के सांगू शकत नाही. डाग आलाच तर तेव्हा त्यावर उपाय आहेत, त्याची काळजी आत्ता नको.

मग थांबायचं म्हणजे काय करायचं. एक, तपासण्या चुकवायच्या नाहीत. आठवड्याने, मग सहा ते आठ आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे सहाव्या वर्षाच्या आसपास पक्के दात यायच्या वेळी. पडल्याची तारीख लसीच्या कार्डावरच लिहून ठेवा आणि एक्सरेचा फोटो फोनमध्ये ठेवा, पाच वर्षांनी हे सगळं कोणालाच आठवत नाही. पणजीला दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, फक्त हा एक्सरे घेऊन जा म्हणजे पोराचा परत काढायला लागणार नाही.

दुसरं, हिरडीवर लक्ष. दाताच्या वर पुळी आली, पू दिसला, सूज आली, दात बरा व्हायचा सोडून जास्त हलायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. गाल किंवा ओठ सुजून ताप आला तर त्याच दिवशी जा. अशा वेळी दात काढावा लागू शकतो, आणि तेव्हा तो काढणं बरोबरच असतं.

स्वच्छता सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच राहते, कारण आई ब्रश लावायला घाबरते. घाण साठली की हिरडी भरून यायला वेळ लागतो. एकदम मऊ ब्रश वापरा, पहिला आठवडा अल्कोहोल नसलेलं क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक औषध (0.1 ते 0.2 टक्के) कापसाच्या बोळ्यावर घेऊन दिवसातून दोनदा लागलेल्या जागी फिरवा, गुळण्या करायला देऊ नका, एवढं पोर गिळणारच. खायला पेज, वरण-भात, केळं, उकडलेला बटाटा, काय मऊ असेल ते, पण महिनाभर आजारी माणसासारखं ठेवू नका, दुखायचं थांबलं की नेहमीचं जेवण सुरू. फक्त पोदेराचा (पाववाल्याचा) कडक उंडो म्हणजे गोल पाव आणि चकली पुढच्या दाताने तोडायला देऊ नका, तुकडे करून द्या. चोखणी किंवा बाटली असेल तर बंद करायला याच्यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून नाराज होऊ नका, नुसत्या सरकलेल्या दुधाच्या दाताला ते लागत नाही. सिरपचा डोस मात्र वजनावर असतो, शेजारच्या बाळाचा डोस आपल्या बाळाला नाही. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना अजिबात नको. धनुर्वाताच्या लसीचं विचारायचं राहिलं असेल तर कार्ड काढून बघा, दीड ते दोन वर्षांच्या मध्ये जो बूस्टर असतो त्यात ती येते, तुमच्या बाळाचं नेमकं तेच वय आहे. झाला नसेल तर घेऊन टाका.

आणि सासूबाईंना हळदीवरून बोलू नका. रक्त थांबलं ते दाबल्यामुळे, हळदीमुळे नव्हे, आणि पूड जखमेत गेली की डॉक्टरला आतलं नीट दिसत नाही, एवढंच. पुन्हा कधी झालं तर (न होवो) स्वच्छ ओलं फडकं दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं, मध्ये मध्ये बघायचं नाही, आणि बाहेरून ओठावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. लवंगाचं तेल मात्र चुकूनही नको, मुलांची हिरडी भाजते आणि पोटात गेलं तर धोकादायक आहे. दात येताना लावायचं बधिरतेचं जेल पण दोन वर्षांखाली वापरू नका.

प्रश्न : माझी नात अडीच वर्षांची. बाल्कांवच्या (दारापुढच्या ओट्याच्या) पायरीवरून पडली आणि वरचा दात मुळासकट बाहेर आला. मी व्हॉट्सॅपवर वाचलेलं म्हणून लगेच दात दुधात घातला, रिक्षा केली आणि अर्ध्या तासात दवाखान्यात पोचले. डॉक्टरनी दात बघितला आणि म्हणाले हा परत बसवायचा नसतो. मग मी एवढी धावपळ केली कशाला? त्यांना येत नव्हतं की काय?
– एक आजी, फोंडा

उत्तर : आजी, तुमची धावपळ वाया गेली नाही आणि तुम्ही वाचलेलं खोटं पण नाही. फक्त ते पक्क्या दाताचं आहे, आणि पुढे पाठवणारे नेमकी तीच ओळ गाळतात.

दुधाचा दात परत खोबणीत दाबला तर तो थेट वरच्या पक्क्या दाताच्या बीजावर दाबला जाऊ शकतो, वर इन्फेक्शनची भीती. म्हणून दुधाचा दात बाहेर आला की तो बसवायचाच नाही, घरी तर प्रयत्नसुद्धा नको. दात घेऊन गेलात ते बरं केलंत कारण डॉक्टरला बघता आलं की तो अख्खा आहे, मुळाचा तुकडा आत राहिला नाही. दात सापडलाच नसता तर खरी काळजी होती. कधी तो पडलेलाच नसतो, पूर्ण आत घुसलेला असतो आणि आपण अंगणात शोधत बसतो, ते एक्सरेमध्ये कळतं. कधी तुकडा ओठात रुतलेला असतो. गिळला असेल तर शौचावाटे जातो. पण दात सापडत नाही आणि पोर सारखं खोकतंय, श्वासाला आवाज येतोय, धाप लागतेय, तर दातांच्या डॉक्टरकडे नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात, दात श्वासनळीत गेला असू शकतो.

आता पक्क्या दाताचं सांगते, कारण नातीला एखादा मोठा भाऊ असेलच. साधारण सहा-सात वर्षांनंतर आलेला पुढचा दात, मोठा, कड थोडी दातेरी, तो मुळासकट निघाला तर मात्र एकेक मिनिट मोलाचं. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, माती असेल तर दुधात हलकेच विसळायचा आणि तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर दुधात टाकून तासाभराच्या आत डेंटिस्ट गाठायचा. पाण्यात नाही, टिश्यूमध्ये गुंडाळून तर अजिबात नाही. शाळेत, क्रिकेट खेळताना, सायकलवरून पडून हे होतं, त्यामुळे पुढच्या वेळी व्हॉट्सॅपवर पाठवाल तेव्हा वय लिहून पाठवा.

नातीच्या फटीचं म्हणाल तर बोलणं सहसा बिघडत नाही, जेवण अडत नाही. पक्का दात येईपर्यंत फोटोत फट दिसणार, बस. खोटा दात बसवून देणारे आहेत, पण तो हौसेचा मामला, गरजेचा नाही.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी पलंगावरून पडली, दात हलला नव्हता, तुटला नव्हता म्हणून आम्ही कोणाला दाखवलं नाही. आता तो दात करडा पडलाय. एका ठिकाणी रूट कॅनल सांगितलं. करू का?
– एक वडील, म्हापसा

उत्तर : नुसता रंग बदलला म्हणून रूट कॅनल करायची गरज नसते. नखाला मार बसला की ते काळं पडतं तसं आतल्या रक्ताने दात करडा होतो, त्यातले काही दात काही महिन्यांत परत उजळतात, काही तसेच राहतात आणि वेळ आली की पडतात. पिवळट झाला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा आतली पोकळी भरत चाललीय, तेही आपोआप चालतं. बघायचं काय तर पुळी, पू, सूज, दुखणं, हलणं, आणि एक्सरेमध्ये मुळाभोवती काही दिसतंय का. यातलं काही असेल तर मग रूट कॅनल की काढणं हा प्रश्न येतो. तुम्हाला रूट कॅनल सांगितलं तेव्हा एक्सरे काढला होता का आणि त्यात काय दिसलं, हे विचारून घ्या, विचारायला लाजू नका. आणि दात हलला नाही तरी पडल्यावर एकदा दाखवायचं असतं, तेव्हाच्या नोंदीवरून आत्ताचा बदल मोजता येतो.

प्रश्न : दीड वर्षाच्या बाळाचा वरचा ओठ आणि हिरडी जोडणारा जो पडदा असतो तो फाटलाय. टाके घालावे लागतील का? ओठ उचलून बघितला की परत रक्त येतं.
– मडगाव

उत्तर : म्हणूनच ओठ उचलून बघू नका! तो पडदा फाटला की रक्त भरपूर येतं पण टाके क्वचितच लागतात, आपणहून भरतो. ओठ बाहेरूनच हिरडीवर दहा मिनिटं दाबून धरा. डेंटिस्टला एकदा दाखवा, दात पण बघितले जातील, पण घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ओठ उचलून दाखवायचं बंद करा.

प्रश्न : आम्ही सत्तरी तालुक्यात आत राहतो. रविवारी रात्री असं काही झालं तर नेमकं जायचं कुठे? सकाळपर्यंत थांबलं तर चालतं का, हे कसं ओळखायचं?
– वाळपई

उत्तर : आधी दात विसरा आणि डोकं बघा. पडल्यावर शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, नेहमीच्या झोपेच्या वेळेशिवाय गुंगीत आहे, उठवून उठत नाही, झटका आला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येतंय, तर 108 ला फोन आणि कॅज्युअल्टी, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (जीएमसी) किंवा म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलला, जे जवळ पडेल ते. दात नंतर बघता येतो.

डोकं ठीक असेल तर तोंडातल्या या गोष्टींना सकाळपर्यंत थांबू नये. दाबून धरून पण रक्त थांबत नाही, दात इतका लोंबतोय की झोपेत सुटून घशात जाईल, दात असा सरकलाय की तोंड मिटत नाही आणि वरचे खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत, हनुवटीवर आपटून जबडा उघडत नाही, किंवा ओठ आरपार फाटलाय. बाकी दात थोडा हलतोय, टोक तुटलंय, थोडा आत गेलाय, हे दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवलं तर चालतं, रात्री घाट-रस्त्याने पावसात गाडी हाणायची गरज नाही. जवळ लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर नसेल तर बांबोळीला जीएमसीच्या शेजारीच गोवा डेंटल कॉलेज आहे, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. दाताचं टोक तुटून मध्ये लाल ठिपका दिसत असेल तर मात्र उशीर करू नका, आतली नस उघडी पडलेली असते.

प्रश्न : घरात सगळं निसरडं झालंय, आमचं पोर वॉकरमध्ये सेफ आहे असं माझी आई म्हणते. खरं का?
– पेडणे

उत्तर : नाही. वॉकरमध्ये पोराला जेवढा वेग मिळतो तेवढा त्याच्या पायात नसतो, आणि आपल्या जुन्या घरांत उंबरठे, बाल्कांवच्या पायऱ्या, स्वयंपाकघराची एक पायरी खाली, म्हणजे चाक अडकलं की तोंडावर. कॅनडाने तर 2004 पासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातलीय. चालायला लवकर शिकतात हा पण गैरसमज आहे. पायमोजे काढा, अनवाणी पायाची पकड चांगली असते. दारात पायपुसणं सरकणारं असेल तर ते फेकून द्या, पावसात निम्मे पाय त्याच्यावरूनच सटकतात. आणि तोंडात चमचा, ब्रश, शिट्टी घालून पळू देऊ नका, त्याने दात तर जातातच पण टाळूला पण भोक पडू शकतं.

प्रश्न : पडल्यापासून मुलगा (वय दोन) तोंडच उघडत नाही. ब्रश कसा करू, आणि डॉक्टरला तरी कसं दाखवू?
– पहिल्या प्रश्नासारखीच एक आई, साखळी

उत्तर : दोघं जण लागतील. तुम्ही आणि मिस्टर समोरासमोर खुर्चीवर बसा, गुडघ्याला गुडघा लावून. पोर तुमच्याकडे तोंड करून मांडीवर, पाय तुमच्या कमरेभोवती, आणि मग त्याला मागे झोपवायचं म्हणजे डोकं मिस्टरांच्या मांडीवर येतं. हात तुम्ही धरा, त्याला तुमचा चेहरा दिसत राहतो. आता ज्याच्या मांडीवर डोकं आहे त्याने बोटाने गाल बाजूला करून ब्रश करायचा. फोनचा टॉर्च लावून हिरडी पण बघता येते. रडेल, आणि रडताना तोंड उघडं असतं ते आपल्या फायद्याचंच आहे. आम्ही पण क्लिनिकमध्ये असंच बघतो, एक गुडघा आईचा आणि एक माझा, त्यामुळे घरी दोन-तीनदा सवय झाली तर माझं काम सोपं होतं. टूथपेस्ट फ्लोराइडचीच, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी लांब पट्टी नको. लागलेल्या दाताला सगळ्यात शेवटी ब्रश लावा, आधी मागचे दात उरकून घ्या, नाहीतर पहिल्याच फटक्याला दुखलं की तो उरलेले दात तुम्हाला करू देणार नाही.